बंद पेटीचा मालक कोण?

युरोपीय महासंघाच्या बाजारपेठेत नव्याने येणाऱ्या टॅबलेटांना व स्मार्टफोनांना २० जून २०२५ पासून काही नियम पाळणे सक्तीचे झाले आहे. एखाद्या मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान ५ वर्षे त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवले पाहिजे. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता शिल्लक राहिली पाहिजे. आणि ते यंत्र दुरुस्त करणे किती सोपे अथवा अवघड आहे, याची श्रेणी ग्राहकाला खरेदीपूर्वीच छापील पत्रकावर दिसली पाहिजे. आपल्याकडे या वार्तेची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. नव्या यंत्रांच्या जाहिरातींनी भरलेल्या पुरवण्यांत ती एखाद्या कोपऱ्यात छापून येते आणि तेथेच संपते. आम्हास मात्र हा विषय अग्रलेखाचा वाटतो, आणि तसे वाटण्यास कारणे आहेत.

टॅबलेट ही आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. २०२० साली शाळांना कुलपे लागली आणि सत्तरी-सांगेकडील मुले मोबाईलचे जाळे पकडण्यासाठी डोंगर चढू लागली, तेव्हा ज्या घरांत असले यंत्र कधी आले नव्हते, त्या घरांतही ते आणावे लागले. कोणी ठेव मोडली, कोणी सोसायटीचे कर्ज काढले, कोणी आखातातील मेव्हण्याला निरोप धाडला. त्या यंत्रांपैकी किती आज चालू स्थितीत आहेत आणि किती कपाटाच्या खणात पडून आहेत, हे आमच्या वाचकांनी आपापल्या घरी पाहावे. आमच्या किनाऱ्यावरची हवा खारी आणि दमट. चार्जिंगचे तोंड तिने गंजते, बॅटरी फुगते, काच तर मुलांच्या हातून फुटतेच. म्हापशाला किंवा मडगावला दुरुस्ती करणाऱ्याकडे यंत्र नेले की तो ते उलटसुलट करून पाहतो आणि सांगतो, "उघडले तर काच जाईल, न उघडले तर बॅटरी बदलता येणार नाही. त्यापेक्षा नवे घ्या." या कारागिराला कला अवगत नाही असे नव्हे. पेटी उघडूच नये, अशा रीतीने ती घडविलेली आहे.

ही रीत कशी रूढ झाली, हे थोडे मागे जाऊन पाहणे उपयुक्त ठरेल. ॲपल कंपनीचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये ४९९ डॉलरांपासून विक्रीस आला. त्यास कळफलक नव्हता, यूएसबीचे छिद्र नव्हते, बॅटरी काढण्याचे झाकण नव्हते. पंडितांनी नाके मुरडली. लोकांनी रांगा लावल्या. लोक मूर्ख होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. हात लावताच जागे होणारे, दिवसभर चालणारे, पाच वर्षांच्या नातवाला आणि पंच्याहत्तरीच्या आजोबांना सारख्याच सुलभतेने वापरता येणारे संगणकयंत्र त्यापूर्वी सामान्य माणसाच्या हाती आलेच नव्हते. ही देणगी मोठी होती आणि तिचे श्रेय तिच्या निर्मात्यांना दिलेच पाहिजे.

त्यानंतर स्पर्धेची जी झुंबड उडाली ती पाहण्यासारखी होती. ह्यूलेट-पॅकार्ड या बलाढ्य कंपनीने १ जुलै २०११ रोजी आपला टचपॅड बाजारात आणला आणि १८ ऑगस्टला, म्हणजे पुरते दोन महिनेही न लोटता, तो बंद करीत असल्याचे जाहीर केले. ५०० डॉलरांचा माल ९९ डॉलरांस फुंकून टाकला. ॲमेझॉनने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १९९ डॉलरांचा किंडल फायर आणून यंत्र स्वस्तात विकायचे आणि पुस्तके-चित्रपटांवर कमवायचे, हा मार्ग दाखविला. मायक्रोसॉफ्टने २०१२ साली सरफेस आरटी आणला, पण त्यावर विंडोजचे जुने कार्यक्रम चालेनात. पुढच्याच वर्षी न विकलेल्या मालापोटी त्या कंपनीला ९० कोटी डॉलरांचा तोटा वहीत लिहावा लागला. सॅमसंग आणि ॲपल तर यंत्राच्या रूपावरून देशोदेशीच्या न्यायालयांत भांडत होत्या. लंडनच्या न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये सॅमसंगचा टॅबलेट आयपॅडइतका ऐटबाज नाही, सबब ही नक्कल नव्हे, असा निर्णय दिला. दावा जिंकल्याचा आनंद मानावा की मानहानीचे दुःख, असा पेच सॅमसंगला पडला असेल!

इतकी जीवघेणी स्पर्धा असताना ग्राहकाचे हित आपोआप साधले जावयास हवे होते. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक तसेच सांगते. पण ही स्पर्धा कशाकशाबाबत झाली? जाडी किती मिलिमीटर, वजन किती ग्रॅम, पडदा किती तेजस्वी आणि किंमत किती. दुकानात उभे राहून जे डोळ्यांना दिसते आणि हाताला जाणवते, त्या प्रत्येक गोष्टीत कंपन्या एकमेकींवर कुरघोडी करीत राहिल्या. तिसऱ्या वर्षी बॅटरी बसली तर काय, चौथ्या वर्षी सुरक्षेची डागडुजी थांबली तर काय, हे प्रश्न दुकानात दिसत नाहीत. म्हणून ते स्पर्धेतही उतरले नाहीत. ग्राहकाला जे दिसत नाही त्याच्यासाठी कोणी कारखानदार आपण होऊन खर्च करील, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे.

जून २०१२ मधील एक उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. ॲपलने त्या महिन्यात मॅकबुक प्रो या लॅपटॉपच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी विक्रीस ठेवल्या. एक जुन्या घडणीची: तळाचे स्क्रू काढून मेमरी वाढवावी, डिस्क बदलावी. दुसरी नवी, अधिक सडपातळ, अप्रतिम पडद्याची. मात्र तिची मेमरी मुख्य पट्टीवर सोल्डर केलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटविलेली. यंत्रे खोलून त्यांना दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण देणाऱ्या आयफिक्सइट या अमेरिकन कंपनीने या नव्या यंत्राला एक गुण दिला. (ही कंपनी स्वतः हत्यारे आणि सुटे भाग विकते, तेव्हा ती निव्वळ परोपकारी आहे असे समजण्याचे कारण नाही, पण तिने काढलेली छायाचित्रे कोणालाही पडताळून पाहता येतात.) पुढे नवीच घडण सरसकट झाली आणि जुनी अस्तंगत झाली. ग्राहकांनी कौल दिला, असे तेव्हा म्हटले गेले. आम्हास हे मान्य नाही. ग्राहकांनी कौल दिला तो पडद्याला. गोंदाला मत देण्याची वा नाकारण्याची सोय त्या मतपत्रिकेवर नव्हती. उत्तम पडदा आणि उघडता येणारी पेटी असा तिसरा पर्याय कोणी पुढे ठेवलाच नाही.

आणि सोल्डर केलेल्या मेमरीचे अर्थकारण पाहा. मेमरी सुटी बसविता येत असे, तोवर मूळ यंत्र जेमतेम मेमरीचे घ्यावे आणि दोन वर्षांनी हाती पैसे आले की बाजारातून पट्टी आणून बसवावी, हा मध्यमवर्गीय गृहस्थाचा शिरस्ता होता. मेमरीचे कारखानदार अनेक, विक्रेते शेकडो. त्यांच्या चढाओढीचा लाभ त्याला मिळे. मेमरी पट्टीवर कायमची जडली की ही सारी चढाओढ कारखान्याच्या दारातच संपते. ८ गिगाबाइटऐवजी १६ हवी असेल तर यंत्र घेतानाच ठरवायचे आणि कंपनी सांगेल तो भाव मोजायचा. मॅकबुकच्या बाबतीत हा भाव कित्येक वर्षे २०० डॉलर, आपल्याकडे २०,००० रुपये होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने मॅकबुक एअरची किमान मेमरी ८ वरून १६ वर नेली आणि मूळ किंमत मात्र वाढविली नाही. मग तत्पूर्वी घेतलेले ते २०,००० कशाचे होते, असा प्रश्न कोणा गिऱ्हाइकाने विचारला तर त्याला काय उत्तर द्यावे?

कंपन्यांच्या बाजूने जे सांगितले जाते, तेही ऐकले पाहिजे. झाकण, खाचा, स्क्रू यांनी जागा जाते. ती वाचली की मोठी बॅटरी बसते. बंद पेटीत धूळ-पाणी शिरत नाही. २०२० नंतरच्या मॅक संगणकांत मेमरी प्रोसेसरला अगदी खेटून बसविल्याने वेग वाढला आणि वीज वाचली, हा अनुभवास आलेला लाभ आहे. त्याला ढोंग म्हणता येणार नाही. तरीही या युक्तिवादाने सर्वच बंदिस्तपणाचे समर्थन होते काय? मायक्रोसॉफ्टचा २०१७ सालचा सरफेस लॅपटॉप खोलावयाचा तर वरचे कापड फाडावे लागे. आयफिक्सइटने त्यास दहापैकी शून्य गुण दिले. त्याच कंपनीच्या, त्याच नावाच्या, तितक्याच देखण्या २०२४ सालच्या लॅपटॉपला आठ गुण मिळाले. कोणता स्क्रू कोठे हे आतील भागांवर छापलेले आणि कोणत्या क्रमाने खोलावे त्याची माहिती कंपनीनेच दिलेली. सात वर्षांत पदार्थविज्ञानाचे नियम बदलले नव्हते. मधल्या काळात फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप आणि फोनांवर दुरुस्ती-निर्देशांक छापणे बंधनकारक केले होते, आणि मायक्रोसॉफ्टच्या भागधारकांनीही त्याच वर्षी हा प्रश्न कंपनीपुढे लावून धरला होता. मेमरीचेही तेच. प्रोसेसरजवळ बसूनही सुटी करता येईल अशी नव्या जातीची मेमरी लेनोवोने २०२४ मध्ये आपल्या थिंकपॅडच्या एका मॉडेलात बसवून दाखविली. यंत्र बंद करणे ही बव्हंशी निवड असते, अपरिहार्यता नव्हे, हे यावरून सिद्ध होते.

पेटीचा दुसरा मृत्यू सॉफ्टवेअरच्या हातून होतो आणि तो अधिक क्रूर आहे, कारण त्यात यंत्र धडधाकट असते. पहिला आयपॅड मार्च २०११ पर्यंत कंपनी विकत होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेली नवी प्रणाली त्यावर चालणार नाही असे ठरले. म्हणजे अखेरच्या गिऱ्हाइकाला अवघे दीड वर्ष. पुढच्या आयपॅडांना ॲपलने पुष्कळ अधिक काळ साथ दिली हे खरे, आणि या बाबतीत स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटांचा इतिहास त्याहून कितीतरी वाईट आहे हेही खरे. पण हे सारे कंपनीच्या मर्जीवर. विंडोज १० या प्रणालीचा मोफत सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चकती आणि साधारणतः २०१७ नंतरचा प्रोसेसर ज्या संगणकांत नाही, ते एका रात्रीत जातीबाहेर झाले. काही अटींवर आणखी एक वर्ष सुरक्षेची डागडुजी मिळेल अशी पुस्ती मागाहून जोडण्यात आली. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने अशा संगणकांची संख्या २४ कोटींच्या घरात असल्याचा अंदाज २०२३ साली केला होता. संगणकावर निदान लिनक्स तरी घालता येते. बहुतेक टॅबलेटांच्या बाबतीत ती वाटही कुलूपबंद असते.

याहून एक पायरी पुढे म्हणजे भागांची जुळणी. अस्सल पडदा एका यंत्रातून काढून त्याच जातीच्या दुसऱ्या यंत्रात बसविला, तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्यास मान्यता दिल्याखेरीज तो पुरता चालत नाही किंवा पडद्यावर सतत इशारा झळकत राहतो. १९६१ पूर्वीच्या गोव्यात लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. ते दिवस पाहिलेल्यांना स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूत स्वतःच्या पैशाने घेतलेला भाग बसविण्यासाठी सातासमुद्रांपलीकडची अनुमती लागावी, यातील विपरीतता समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२४ साली असल्या जुळणीवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्यानंतर कंपन्यांनी आपली पकड थोडी सैल केली.

भारतात काय चालले आहे? यंत्र घडविण्याची ईर्षा आपल्याकडे नव्हती असे नाही. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी सिंप्युटर नावाचे हातात मावणारे यंत्र आयपॅडच्या कितीतरी आधी तयार केले. त्याचा आराखडा इतरांनाही परवान्याने खुला होता. २००४ साली ते विक्रीस आले आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने मागे पडले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' या टॅबलेटचा गाजावाजा केला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांस पडला. मंद प्रोसेसर आणि बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यांमुळे विद्यार्थी वैतागले. वर्षभरातच सुधारित आवृत्ती आली आणि काही वर्षांत योजनाच विस्मृतीत गेली. सारा भर जगातील सर्वांत स्वस्त या बिरुदावर होता. स्वस्त म्हणजे किती वर्षांसाठी स्वस्त, हे कोणी विचारले नाही.

अलीकडे सरकारचे लक्ष यंत्र कोठे बनते याकडे आहे. मे २०२३ मध्ये लॅपटॉप, टॅबलेट आदींच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला आयातीवर परवान्याचे बंधन घालण्यात आले आणि ओरड होताच ते पुढे ढकलून नुसत्या नोंदणीवर भागविण्यात आले. देशात कारखाने निघावेत, यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण गोंदाने डकविलेली पेटी शेनझेनऐवजी श्रीपेरुंबुदूरला डकविली म्हणून तिची बॅटरी बदलता येऊ लागत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळ उघडले; २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी आणखी एक समिती बसविली आणि २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. संकेतस्थळावर कंपन्यांनी दिलेले दूरध्वनी क्रमांक आणि माहितीपत्रके आहेत. अहवाल म्हणजे कायदा नव्हे, आणि माहितीपत्रकाने बॅटरी सुटी होत नाही.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र आमच्या राज्याला कारण नाही. गोव्याच्या 'सायबरएज' योजनेने या शतकाच्या आरंभी अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचविले, तेव्हा ते लोखंडी खोक्यांचे, टेबलावर ठेवायचे संगणक होते. साध्या स्क्रू ड्रायव्हरने ते उघडत. मेमरीची पट्टी बदलावी, पंखा पुसावा, डिस्क दुसऱ्यात घालावी. गावोगावची कितीतरी मुले त्यावरच संगणकाची विद्या शिकली आणि काहींनी पुढे दुकाने थाटली. आमच्या घरांतील माटोळीची चौकट दरवर्षी चतुर्थीला तीच असते; एखादी पट्टी किडली तर सुतार तेवढीच बदलतो. त्या जुन्या संगणकांचे नाते या चौकटीशी होते. पुढे याच राज्यात विद्यार्थ्यांना टॅबलेट देण्याचे वारे आले. टॅबलेट देऊ नका, असे आमचे म्हणणे नाही; दप्तरात मावते ते मुलांना सोयीचेच. पण सरकार जेव्हा हजारोंनी यंत्रे घेते, तेव्हा ते दुकानातले एकटे गिऱ्हाईक नसते. निविदेत काय लिहावे हे त्याच्या हातात असते, आणि तीन वर्षांनी दिसणारे दोष पहिल्याच दिवशी विचारण्याची ताकद फक्त त्याच्यापाशी आहे.

आजवर शालेय यंत्रांच्या निविदांत पडद्याचे इंच, मेमरी आणि किंमत यांचे रकाने भरले जातात. त्यात आणखी चार ओळी घालाव्यात, अशी आमची शिक्षण खात्याकडे आग्रहाची मागणी आहे. बॅटरी साध्या हत्याराने बदलता आली पाहिजे. बॅटरी, पडदा आणि चार्जिंगचे तोंड हे भाग ७ वर्षे राज्यातील कोणत्याही दुरुस्तीवाल्याला ठरलेल्या भावाने विकत मिळाले पाहिजेत. सुरक्षेची सुधारणा किती साली थांबणार, हे विक्रेत्याने लेखी द्यावे आणि त्याआधी थांबल्यास अनामत जप्त व्हावी. चार्जर यूएसबी-सी जातीचाच असावा. युरोपात टॅबलेटांसाठी ही अट २८ डिसेंबर २०२४ पासून, तर लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ पासूनची आहे, तेव्हा कोणी कंपनी हे अशक्य म्हणू शकणार नाही. बॅटरी काढता येण्याजोगी असावी यासाठी युरोपने १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख नेमून दिली आहे. त्या तारखेनंतर लिस्बनच्या दुकानातील पेटी उघडता यावी आणि त्याच कंपनीची पणजीच्या दुकानातील पेटी बंदच राहावी, असे घडू द्यायचे की नाही, याचा निर्णय पुढील खरेदीच्या निविदेचा मसुदा लिहिला जाईल त्या टेबलावर व्हावयाचा आहे.